मधला तुकडा

शिवऱ्यात हायवेला लागून अमृतशेठची लोखंडकामाची शेड होती आणि त्या शेडमध्ये हनुमंत मिस्त्रीचा शब्द शेवटचा असे. सोळा वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेलं एकही काम परत आलं नव्हतं. कुणी कारण विचारलं तर तो एवढंच सांगायचा, मागितलंय त्यापेक्षा सूतभर जास्त द्यायचं, कमी कधी द्यायचं नाही. दहा मिलिमीटरची प्लेट संपली तर तो बाराची लावायचा, आठची कधीच नाही. वेल्ह्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाडीतून खाली उतरून, आधी ग्राइंडर आणि मग वेल्डिंगची कांडी धरत तो मिस्त्री झाला होता. एवढ्या एका नेमावर त्याचं सगळं निभावलं होतं.

गेल्या वर्षी पुण्यातल्या एका चोवीस मजली इमारतीचं काम शेडला मिळालं. इमारतीच्या मधोमध लिफ्टच्या दोन्ही अंगांना तळापासून गच्चीपर्यंत काँक्रीटच्या दोन जाड भिंती होत्या. दर मजल्यावर लिफ्टच्या दारांच्या माथ्यावरून त्या दोन भिंतींना जोडणारे दोन लोखंडी बीम जायचे. प्रत्येक बीमची दोन टोकं भिंतींत गाडलेली आणि मधे दोन हात लांबीचा तुकडा, बोल्टांनी आवळलेला. नकाशावर त्याला काहीतरी इंग्रजी नाव होतं. शेडमध्ये सगळे त्याला मधला तुकडा म्हणत. असे अठ्ठेचाळीस तुकडे करायचे होते.

टोकांसाठी कडक पोलादाची प्लेट आली होती आणि मधल्या तुकड्यासाठी मऊ पोलादाची. जाडी तीच, रंग तोच. चुकामूक नको म्हणून कडक प्लेटीच्या कडेला लाल पट्टा मारलेला होता आणि मऊ प्लेटीच्या कडेला हिरवा. मधेच मऊ पोलाद कशाला, हे शेडमध्ये कुणी विचारलं नाही. हनुमंताला वाटलं, मधल्या तुकड्यावर फारसा भार येत नसेल.

शेवटच्या खेपेला घोटाळा झाला. हिरव्या पट्ट्याची शेवटची प्लेट क्रेनवरून निसटली आणि कोपऱ्यावर आपटून पार वाकली. नवी यायला तीन आठवडे लागणार होते आणि सगळा माल एकदम न्यायला ट्रेलर चौथ्या दिवशी यायचा होता. अमृतशेठ भोरला पुतणीच्या लग्नात होते. हनुमंताने दोनदा फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग त्याने आपला नेहमीचा नेम चालवला. यार्डात लाल पट्ट्याची प्लेट पडून होती. मऊच्या जागी कडक, म्हणजे मागितलंय त्यापेक्षा जास्तच. नऊ तुकड्यांचे मधले पत्रे, म्हणजे वरच्या-खालच्या पट्ट्यांमधले उभे पत्रे, त्याने त्यातून कापले.

भोकं पाडायला भिमा होता. आंबवड्याचा, पस्तिशीचा, कमी बोलणारा गडी. त्याने एकदा ड्रिल थांबवून विचारलं की बिट नेहमीसारखं टिकत नाही, प्लेट वेगळी आहे का. हनुमंत म्हणाला, असेल, तू भोकं पाड.

एक गोष्ट मात्र त्याला तेव्हाही टोचली होती. प्रत्येक तुकड्यावर प्लेटीचा नंबर ठोकावा लागे, म्हणजे ती कुठल्या भट्टीतून आली ते कागदाशी ताडून बघता यायचं. लाल प्लेटीचा नंबर ठोकला असता तर तपासणीत प्रश्न आले असते. हनुमंताने पंच हातात घेतला, जरा थांबला आणि हिरव्या प्लेटीचा नंबर ठोकला. नऊ वेळा ठोकला. आपण भारी माल देतोय, यात कुणाचं नुकसान आहे, असं त्याने स्वतःला सांगितलं. तपासणीवाला आला, त्याने वेल्डिंग बघितलं, मापं घेतली, नंबर टिपले आणि सही करून गेला.

पुढे चार महिने काहीच झालं नाही. मग त्याच आवारात शेजारी दुसरी इमारत उठायची ठरली आणि तिचं कामही अमृतशेठला मिळेल असं दिसू लागलं. त्या निमित्ताने शेफाली मॅडम शेडवर आल्या. इमारतीचा नकाशा करणाऱ्या ऑफिसातल्या त्या इंजिनिअर, तिशीच्या. बरोबर टेम्पोतून त्यांनी एक मधला तुकडा आणला होता. पहिल्या खेपेतलाच, लॅबमध्ये तपासायला म्हणून जादा करून दिलेला. टेम्पोतून तो खाली उतरवला आणि शेडमधली माणसं हातातलं काम सोडून बघू लागली. मधला पत्रा तिरका चुरगळला होता, पिळून टाकलेल्या धोतरासारखा. रंगाच्या खपल्या उडाल्या होत्या.

कुणीतरी हळूच म्हणालं, हा तर नापास झाला. शेफाली हसल्या आणि म्हणाल्या, हा पास झाला, आणि तोही पहिल्या नंबराने.

मग त्यांनी सगळ्यांना भोवती बोलावून समजावून सांगितलं. भूकंपात उंच इमारत डोलते. दोन्ही भिंती डोलायला लागल्या की मधल्या तुकड्याची वरखाली ओढाताण होते. तो मऊ असतो म्हणून वाकतो, परत उलटा वाकतो, तापतो, आणि भूकंपाचा जोर त्या वाकण्यातच जिरतो. भिंतींना धक्का कमी बसतो, माणसं जिवंत खाली उतरतात. मागाहून बोल्ट सोडवायचे, चुरगळलेला तुकडा काढायचा आणि नवा बसवायचा. लॅबमधल्या यंत्राने हा तुकडा कितीतरी वेळा पुढेमागे ओढला, तरी एकही वेल्ड उकलला नाही. हे सांगताना त्यांनी हनुमंताकडे बघितलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या.

हनुमंताने टाळी वाजवली नाही. त्याने विचारलं, "मॅडम, ह्याच्यात मऊच्या जागी कडक प्लेट घातली तर? भारीच व्हईल ना?"

"भारी होईल, म्हणूनच चालणार नाही, काका," शेफाली म्हणाल्या. "कडक असला तर तो वाकणार नाही. त्याने सोसायचं ते मग भिंतीत जाईल आणि भिंत फुटेल. तुकडा बदलता येतो. भिंत कशी बदलणार?"

हनुमंताने मान हलवली. का विचारलं, असं त्यांनी विचारलंच तर काय सांगायचं, याची जुळवाजुळव तो करत राहिला. पण त्यांनी विचारलं नाही. हनुमंत मिस्त्री काम समजून घेतोय, एवढंच त्यांना वाटलं असावं. भिमा मात्र ड्रिलपाशी उभा राहून त्याच्याकडे बघत होता. नजरानजर होताच त्याने मान खाली घातली.

त्या दिवसापासून हनुमंताचं कामातलं लक्ष उडालं. किकवीच्या घरून शिवऱ्याला येताना वाटेत एखादी उंच इमारत दिसली की तो मजले मोजायला लागायचा. आपले नऊ तुकडे कुठल्या मजल्यांवर गेले ते त्याला माहीत नव्हतं. सगळ्या मऊ प्लेटी एकाच भट्टीतल्या म्हणून नंबर एकच, रंग एकच, अठ्ठेचाळीस तुकडे ट्रेलरवर एकावर एक रचून गेले होते. एका दुपारी तो वाकलेल्या तुकड्यापाशी जाऊन बसला आणि चुरगळलेल्या पत्र्यावरून त्याने हात फिरवला. इतक्या वर्षांत आपलं काम मोडलेलं त्याने बघितलं नव्हतं. आता मोडलेलं काम बरोबर होतं आणि जे मोडणार नव्हतं तेच चुकीचं होतं. याची सवय त्याच्या डोक्याला होईना.

आठवड्याने त्याने अमृतशेठला ऑफिसात गाठलं, दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. अमृतशेठ वयाने त्याच्याहून लहान, पण दोघांमध्ये नुसतं मालक-नोकराचं नातं नव्हतं. हनुमंताची दोन बोटं रोलरमध्ये चिरडली तेव्हा शेठने त्याला स्वतःच्या गाडीत घालून पुण्याला नेलं होतं आणि रक्ताने भिजलेल्या सीटबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

शेठनी ऐकून घेतलं, रागावले नाहीत. कपाटातून फाईल काढली, सर्टिफिकेटं एकेक करून बघितली आणि फाईल मिटली.

"कागद बरोबर आहे ना, मिस्त्री? मग प्लेटही बरोबर आहे."

"कागद म्याच खोटा केला, शेठ."

"तुम्ही कमी दर्जाचं दिलं असतं तर मीच तुम्हाला हाकललं असतं," शेठ म्हणाले. मग आवाज खाली आणून त्यांनी बरंच सांगितलं. अठ्ठेचाळिसातले नऊ. बाकीचे एकोणचाळीस वाकतीलच की. पुण्याला एवढा मोठा भूकंप कधी येतो? आणि हे बाहेर पडलं तर दुसरी इमारत हातची जाईल, पुढे कुणी काम देणार नाही, एकतीस माणसांच्या चुली या शेडवर आहेत. ते धमकी देत नव्हते, विनवत होते, आणि हनुमंताला तेच जड गेलं. धमकी दिली असती तर त्याला उलट बोलता आलं असतं.

घरी त्याने रत्नाला सांगितलं. रत्ना, त्याची बायको, गावच्या शाळेत खिचडी शिजवायची आणि दुपारनंतर घरी असायची. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून घेऊनही तिने हात थांबवला नाही.

"सांगितलं तर तुमाला काढत्याल. न्हाई सांगितलं तर तुमी हे असं ताटावर बसून ताटाकडं बघत बसणार. दोन्हीकडून मलाच भोगायचंय." थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्या इमारतीत माणसं आलीत का राहायला?"

"पाडव्याला येणार हायती."

आत्याच्या गुडघ्यांचं औषध आणून ठेवलंय, ते उद्या रविवारी वर वाडीला पोचवून या, एवढंच तिने सांगितलं.

रविवारी सकाळी हनुमंत मोटरसायकलवरून नसरापूरमार्गे वेल्ह्याला आणि तिथून वर वाडीला गेला. आत्या, फुलाबाई, त्याच्या धाकट्या भावाकडे राहायची. वय पासष्टच्या पुढे. डावा पाय मांडीपासून वाकडा, आखूड. त्या पायापायी तिचं लग्न झालं नव्हतं आणि जन्म भावा-पुतण्यांच्या शेरडांमागे गेला होता. हनुमंताने तिला लहानपणापासून तशीच बघितली होती. भूकंपात पाय गेला, एवढं त्याला ठाऊक होतं. त्याने कधी जास्त विचारलं नव्हतं, जसं डोंगर तिथे का आहे ते कुणी विचारत नाही.

आत्या गोठ्यापुढच्या उन्हात बसून करडांना पाला टाकत होती. हनुमंताने औषध दिलं, चहा घेतला आणि विचारलं, "आत्या, तुझा पाय गेला तवा नेमकं काय झालं व्हतं?"

तिने त्याच्याकडे जरा नवलाने बघितलं. मग सांगू लागली. कोयनेचा भूकंप झाला त्या सालची गोष्ट, ती सात-आठ वर्षांची होती. तेव्हा वाडीतली सगळी घरं कुडाची, कारवीच्या काठ्या उभ्या करून शेणामातीने लिंपलेली. फक्त तिच्या बापाने, म्हणजे हनुमंताच्या आज्याने, बाजीने, नवी दगडी भिंत उभी केली होती. वाडीतली पहिली. लोक बघायला यायचे. पहाटे जमीन हलली, तशी कुडाची घरं करकरली, सुपासारखी हलली आणि उभी राहिली. कुणाचा गिलावा पडला, कुणाचं मडकं फुटलं. भिंत हलली नाही. ती तशीच्या तशी एकदम आत आली.

"कच्ची बांधली व्हती का?" हनुमंताने विचारलं.

"कच्ची कशानं? तुज्या आज्यानं दोन उनाळं दगडं व्हायली. चांगली पक्की व्हती, म्हून तर मला तिच्या बुडाला निजवायचं."

करडू तिच्या पदराला तोंड लावत होतं. तिने ते बाजूला सारलं.

"आज्या काय म्हनला मग?"

"काय म्हननार? भिंतीची दगडं एकेक उचलून त्यानं बांधावर नेऊन टाकली. परत कूड घातला. माज्यासंगं बोलायचा, बाजारातनं भेंड-बत्तासं आनायचा, पर त्याबद्दल एक सबुद न्हाई. म्या वाट बघितली. तो म्हनल, पोरी, माजं चुकलं. मंग म्या म्हननार व्हते, तुमी काय मुद्दाम केलं का, दादा. लई वाट बघितली. मरस्तवर न्हाई म्हनला."

ती हे रडून सांगत नव्हती. पाला संपला तसा तिने दुसरा भारा पुढे ओढून घेतला आणि भावाच्या सुनेबद्दल काहीतरी सांगायला लागली. हनुमंताला ते पुढचं ऐकू आलं नाही.

वाडीवर मोबाईलला रेंज नव्हती. वेल्ह्याच्या एसटी स्टँडपाशी उतरून त्याने गाडी बाजूला लावली आणि आधी अमृतशेठला फोन केला. म्हणाला, "शेठ, म्या मॅडमला सांगतोय. तुमाला ठाऊक नव्हतं, असंच सांगनार." पलीकडून फोन बंद झाला. हनुमंताने लगेच शेफाली मॅडमचा नंबर लावला. थांबलो तर उद्यावर जाईल, हे त्याला कळत होतं.

शेफालींनी मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "कोणते नऊ?"

"त्येच ठाऊक न्हाई, मॅडम."

मंगळवारी तो पुण्याला इमारतीवर गेला. बरोबर भिमाला घेतलं, कारण नऊ तुकड्यांना भोकं त्यानेच पाडली होती आणि एखादी खूण त्याला आठवेल असं हनुमंताला वाटलं. शेफाली एक लहानसं यंत्र घेऊन आल्या होत्या. तुकड्यावरचा रंग रुपयाएवढा घासायचा, जागा आरशासारखी करायची आणि त्यावर यंत्र टेकवायचं. ते ठोका मारून पोलाद किती कडक आहे त्याचा आकडा दाखवायचं. हनुमंत शिडीवर चढून ग्राइंडर धरायचा, भिमा खालून शिडी धरायचा, शेफाली आकडे लिहायच्या. खालच्या मजल्यांवर रंगाऱ्यांनी भिंती रंगवून संपवल्या होत्या, दारांना मुठी बसल्या होत्या. एका दारावर राहायला येणाऱ्या माणसांच्या नावाची पाटीसुद्धा लागलेली होती.

पहिला कडक तुकडा पाचव्या मजल्यावर सापडला. दुसरा आणि तिसरा नवव्यावर, दोन्ही एकाच मजल्यावर. पहिल्या दिवशी पाच झाले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, एकोणिसाव्या मजल्यावर, नऊ भरले. हनुमंत शिडीवरून उतरून पायरीवर बसला. छातीवरचं ओझं जरा हललं होतं. तो म्हणाला, झाले नऊ. शेफाली म्हणाल्या, उरलेले पाच मजलेही बघूनच घेऊ.

बाविसाव्या मजल्यावर यंत्राने पुन्हा तोच कडक आकडा दाखवला. शेफालींनी दुसऱ्या जागी रंग घासायला लावला. पुन्हा तोच आकडा.

"काका, तुम्ही नऊ म्हणाला होतात."

"नऊच व्हते," हनुमंत म्हणाला. "म्या सोता कापले. नऊच."

भिमा शिडी सोडून बाजूला झाला आणि खाली बघत बोलला.

"हा माजा हाय. हिरव्या प्लेटीच्या एका पत्र्याला भोकं चुकली व्हती, सूतभर सरकली. तुमाला सांगितलं असतं तर तुमी बोलला असता. लाल प्लेटीचा तुकडा पडला व्हता, त्यातनं दुसरा कापला. नंबर तुमी ठोकत व्हता तोच ठोकला."

"मला न्हाई सांगायचं व्हय?"

"तुमी घेतली म्हून म्या घेतली, मिस्त्री. तुमी केलं ते बरुबरच आसंल, असंच वाटलं."

हनुमंताला त्याच्यावर ओरडायचं होतं. तोंड उघडलं, पण ओरडायला जागा नव्हती. भिमाने विचारलं होतं तेव्हा, भोकं पाड, असं सांगणारा तोच होता. तो शेफालींकडे पाठ करून खिडकीच्या रिकाम्या चौकटीपाशी जाऊन उभा राहिला.

शेफाली रागावल्या नाहीत. त्या दमलेल्या दिसत होत्या. वही बंद करून म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत. तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधी कळलंही नसतं. पण आता तुमच्या शिक्क्यावर मला विसंबता येणार नाही. एकाही तुकड्याच्या शिक्क्यावर नाही."

सोळा वर्षांत त्याला कुणी असं बोललं नव्हतं आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. त्याने मान हलवली.

उरलेले मजले तपासले. दोन तुकड्यांचे आकडे अधलेमधले आले, धड मऊ ना धड कडक. शेफालींनी तेही बदलायचे ठरवले. असे बारा तुकडे नव्याने करायचे झाले. पाडव्याचा प्रवेश पुढे गेला. ज्याच्या नावाची पाटी लागली होती त्या माणसाने, म्हणे, खाली ऑफिसात येऊन बरीच आदळआपट केली.

बारा तुकडे हनुमंतानेच केले. नवी मऊ प्लेट आली. ती उतरवल्यापासून शेवटचा रंग लागेपर्यंत बाहेरून आलेला एक तपासनीस त्याच्या खांद्यापाशी उभा असायचा. नंबर ठोकायचा पंचही तोच आपल्या बॅगेत ठेवायचा आणि काम असेल तेव्हाच बाहेर काढायचा. हनुमंताने वेल्ड जेवढा मागितला तेवढाच भरला. कमी नाही, जास्तही नाही. हात सवयीने पुढे जायचा, तो त्याला आवरावा लागायचा. शेडमधली माणसं त्याच्याशी कामापुरतं बोलायची. दुसऱ्या इमारतीचं काम दुसऱ्याच कुणाला गेलं होतं आणि ते कशामुळे गेलं हे सगळ्यांना माहीत होतं. तुकडे बदलून झाले, जुने बारा परत आले, ते गॅसने कापून भंगारात टाकले. त्यानंतर शेठनी अकरा माणसांना कामावरून कमी केलं. त्यात भिमा होता.

हनुमंताला त्यांनी काढलं नाही. ऑफिसात बोलावून खुर्ची पुढे केली, पण नजर वर उचलली नाही. म्हणाले, "तुमचं बरोबर होतं, मिस्त्री. हे मला कळतं. पण तुम्ही समोर आलात की मला ती अकरा माणसं दिसतात." हनुमंत म्हणाला, मलाही दिसतात. त्याने हातमोजे टेबलावर ठेवले आणि बाहेर पडला.

किकवीच्या चहाच्या टपरीवर महिनाभर त्याचीच चर्चा होती. कुणी म्हणालं, मिस्त्रीने आपल्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. कुणी म्हणालं, शेठने काहीतरी केलं असणार आणि खापर याच्यावर फोडलं असणार. खरं काय ते त्याने एक-दोघांना सांगून बघितलं, पण कडक प्लेट लावली हा गुन्हा कसा, हे कुणालाच पटवता येईना. शेवटी त्याने सांगणं सोडलं. रत्ना म्हणाली, जाऊ द्या, तुमाला कळलं ना. पण ते म्हणताना तिचा आवाज नेहमीचा नव्हता. घरात ती जरा जपूनच बोलू लागली होती.

पावसाळ्याआधी त्याला भोरला एका लहान वर्कशॉपमध्ये काम मिळालं. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, गोठ्यांच्या शेड, शाळेची फाटकं. मालकाला ड्रिलवर एक गडी हवा होता. तिसऱ्या दिवशी सुटीच्या वेळेला हनुमंत आंबवड्याला गेला.

भिमा घराबाहेर भाताच्या रोपांच्या तरव्यासाठी वाफा तयार करत होता. त्याच्या बायकोने, कोमलने, पाणी आणून दिलं आणि ती आत निघून गेली. चहाचं तिने विचारलं नाही. हनुमंत बांधावर उभा राहिला. काय बोलायचं ते वाटभर ठरवलं होतं, ते सगळं विसरायला झालं.

"भिमा, तुझी चूक न्हवती," तो म्हणाला. "तू इचारलं व्हतंस. म्या तुला गप केलं. माजं चुकलं."

भिमाने कुदळ खाली ठेवली नाही. दोन घाव घातले, ढेकूळ फोडलं. मग म्हणाला, "घरी पोरीनं इचारलं, बाबा, तुमाला का काढलं? काय सांगू तिला? म्या म्हनलं, काम संपलं."

हनुमंताने भोरच्या कामाचं सांगितलं. सोमवारपासून ये म्हणाला. भिमा म्हणाला, बघू. एवढं बोलून त्याने पाठ फिरवली आणि वाफ्याच्या पलीकडच्या कडेला गेला. हनुमंत निघाला.

सोमवारी नऊची वेळ होती. भिमा साडेदहाला आला. मालकाला नाव सांगितलं, हनुमंताकडे न बघता कोपऱ्यातल्या ड्रिलपाशी गेला, बिट काढून धार बघितली आणि दगडावर लावायला बसला. त्या दिवशी दोघांत कामापलीकडे एक शब्दही झाला नाही. जेवायला भिमा दारापाशी बसला आणि हनुमंत आत.

दुसऱ्या दिवशी ट्रॉलीच्या प्लेटी आल्या. हनुमंताने त्या भिंतीला टेकवून ठेवल्या, खडूने खुणा केल्या आणि मग भिमाला हाक मारून म्हणाला की कापायच्या आधी तूही एकदा बघून घे. भिमा आला, प्लेटीच्या कडेवरून अंगठा फिरवत गेला आणि म्हणाला, ही जरा वेगळी वाटते. हनुमंताने हातातला कटर खाली ठेवला.

"कशी येगळी?" त्याने विचारलं, आणि भिमा सांगेपर्यंत थांबला.